‘बोर्ड गेलाय’ म्हणण्याआधी

कबनूरमध्ये कुणाचा संगणक बंद पडला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, ‘बोर्ड गेलाय’, म्हणजे मदरबोर्ड. दुसरं, ‘जुना झालाय, आता नवीनच घ्या.’ कॅबिनेटचा एक स्क्रूही न काढता ही वाक्यं बोलली जातात. घरातली माणसं ती मुकाट्यानं ऐकून घेतात, कारण त्या पेटीच्या आत काय आहे हे बघायची संधी घरात कुणाला कधी मिळालेलीच नसते. शाळेत संगणक असतो, पण त्याला हात लावायचा तो कीबोर्ड आणि माऊसपुरता. घरी असतो तो हप्ते भरून घेतलेला, म्हणून ‘खोलू नको, बिघडंल’. मुलांना संगणक वापरायला शिकवायचं आणि उघडायला मात्र बंदी घालायची, ही आपली रीत मला चुकीची वाटते. ती बदलायला हवी, म्हणून हे लिहिते आहे.

मी कबनूरची. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात खाली माग आणि वर आमचं राहणं. इचलकरंजीत आणि भोवतीच्या कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ, यड्राव या गावांत अशी घरं गल्लोगल्ली सापडतील. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. तेव्हापासून या भागातल्या चार-पाच पिढ्या मागाच्या आवाजात वाढल्या. माझे वडील, आण्णा, जॉबर. धोटा उडायला लागला, कापडात दोष दिसायला लागला, माग मध्येच थांबायला लागला की कामगार जॉबरला हाक मारतात. आण्णा आले की आधी काही न बोलता मागाजवळ उभे राहतात, ऐकतात. मग हात घालतात. त्यांचा एक नियम मी लहानपणापासून ऐकत आले आहे : ‘एका टायमाला एकच नट हलवायचा. दोन हलवलंस, तर कुठल्यानं सुधारलं ते कळत न्हाई.’ संगणकाच्या दुरुस्तीचं मला आजवर मिळालेलं सगळ्यात चांगलं शिक्षण हेच. नंतर पुस्तकांत जे वाचलं ते याच नियमाचं तपशीलवार रूप होतं.

दहावीनंतर आमच्याकडे एक वापरलेला संगणक आला. तो चालता चालता अचानक बंद होऊन परत सुरू व्हायचा. लिहिलेलं जायचं. एका दुकानात नेला. तिथं तो दिवसभर नीट चालला, तरी निदान झालं, ‘बोर्ड गेलाय’. मला हे पटलं नाही, कारण बोर्ड गेला असता तर त्यानं दुकानातही दगा द्यायला हवा होता. मग मी वहीत वेळा लिहायला लागले. कधी बंद झाला, तेव्हा काय चालू होतं, पंखा, फ्रिज, खाली माग. काही दिवसांत त्या वेळांना आकार आला. सकाळी पाळी सुरू होताना, जेवणाच्या सुट्टीनंतर माग परत चालू करताना आणि वीज जाऊन आल्यावर, जेव्हा आख्ख्या गल्लीच्या मोटारी एकदम उठतात. रविवारी माग बंद असत तेव्हा संगणक दिवसभर बिनतक्रार चाले.

कारण पुढे समजलं आणि ते फार सुंदर आहे. मागाची मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. त्या क्षणी लाइनचा व्होल्टेज दबतो. दिवा किंचित मंद झालेला आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीत, एक मोठा कपॅसिटर असतो, तो अशा वेळी साठवलेल्या ऊर्जेवर यंत्राला तग धरायला लावतो. हा तग साधारण १६-१७ मिलिसेकंदांचा असावा असं एटीएक्स या संगणकाच्या मानकाच्या मार्गदर्शक मापात धरलेलं आहे. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. थोडक्यात, एक आवर्तनही पुरं निभावणार नाही एवढीच ती शिदोरी. कपॅसिटर उष्णतेनं वर्षानुवर्षं सुकत जातो, क्षमता कमी होते, आणि मग खाली आण्णांनी माग चालू केला की वर माझा संगणक माना टाकतो. दुकानात माग नव्हते, म्हणून तिथं तो शहाण्यासारखा वागला.

मैत्रिणीच्या घरचा एसएमपीएस आठवडाभर लावून पाहिला, बाकी काहीही न बदलता. त्रास थांबला. परत जुना लावला, त्रास परत आला. तेव्हा कुठे एक वापरलेला पण चांगला एसएमपीएस आणला. घ्यायच्या आधी मीटर लावून बघितलं : पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, तांबड्यावर ५, नारिंगीवर ३.३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे पिवळ्यावर ११.४ ते १२.६ यांच्या बाहेर गेलं तर तो नको. तो ‘गेलेला’ बोर्ड आजही चालू आहे आणि हा लेख त्याच संगणकावर लिहिला आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, विशेषतः शाळकरी वाचकांना. कॅबिनेट उघडा, पण एसएमपीएसची पेटी उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर तिचं सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी होतं आणि प्लग काढल्यावरही ते त्या मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ राहू शकतं. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरचंही तेच, त्याहून वाईट. कॅबिनेटच्या आत मात्र बाकी सगळीकडे १२ व्होल्ट किंवा त्याहून कमीच असतं. प्लग भिंतीतून काढायचा, चालू करायचं बटण एकदा दाबून धरायचं म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते, मग आत हात घालायचा. एवढी शिस्त नववीतल्या मुलीला नक्की जमते. गॅस पेटवायला शिकवताना आपण याहून जास्त जोखमीची गोष्ट तिच्या हाती देतो.

विजेचाच विषय निघाला आहे तर अर्थिंगबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार आमच्या भागात घरटी आहे आणि लोक ती ‘संगणकाला करंट मारतोय’ म्हणून सोडून देतात. संगणकात काही बिघडलेलं नसतं. एसएमपीएसच्या आत बाहेरचा गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, ते फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा थोडासा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर जवळपास निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो आणि तो आपल्या बोटांतून वाट शोधतो. भिंतीतलं सॉकेट तीन पिनांचं असतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे तारच जोडलेली नाही, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. तपासायला मीटर पुरतो : फेज ते न्यूट्रल जेवढं येतं तेवढंच फेज ते अर्थ यायला हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. नाही आलं, तर वायरमनला बोलवा. हे काम मुलांनी करायचं नाही. पण तपासून आईवडिलांना सांगायचं काम मुलंच करू शकतात, आणि त्या घरात पुढे फ्रिजचा किंवा गिझरचा जो अपघात टळेल त्याची किंमत संगणकाहून कितीतरी मोठी आहे.

आमच्या भागाचा दुसरा खास आजार म्हणजे सूत. माग चालतात तिथं हवेत बारीक तंतू तरंगत असतात. ते प्रोसेसरच्या पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत जाऊन बसतात आणि काही महिन्यांत तिथं चक्क नमद्यासारखा थर तयार होतो. हवा आरपार जात नाही, प्रोसेसर तापतो, स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि घरातले म्हणतात संगणक म्हातारा झाला. पंखा काढून थर सोलला, जुनी सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली की तोच संगणक पूर्वीसारखा पळतो. कारखान्यातल्या ब्लोअरनं साफ करणार असाल तर पंखा बोटानं धरून ठेवा, हवेच्या जोरानं तो नको इतका फिरतो आणि बेअरिंग जातं. हे पुण्यात छापलेल्या संगणकाच्या पुस्तकात सापडणार नाही. कबनूरचा आजार कबनूरलाच शिकावा लागतो, म्हणून तर इथल्या मुलांनी हात घालायला हवा.

आता शेजारच्या काकूंच्या संगणकाची गोष्ट. त्यांच्या मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता, शेवटची तारीख जवळ आली होती आणि नेट चालत नव्हतं. नेटवाला येऊन गेला, त्यानं मोबाइलवर दाखवलं, नेट चालू आहे. संगणकवाल्यानं सांगितलं विंडोज परत टाकावी लागेल, आतलं सगळं जाईल. मी गेले तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. २००९ सालची होती. बोर्डावर शर्टच्या मोठ्या बटणाएवढी ३ व्होल्टची सेल असते, संगणक बंद असताना घड्याळ तिच्यावर चालतं. ती संपली की तारीख मागे जाते. आणि आजच्या सुरक्षित संकेतस्थळांना तारीख बरोबर लागते, कारण प्रत्येकाच्या ओळखपत्राला अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत असते. संगणकाच्या हिशेबानं २००९ मध्ये ती ओळखपत्रं अजून जन्मलेलीच नव्हती, म्हणून ब्राउझर दार उघडेना. किराणा दुकानात मिळणारी सेल बदलली, तारीख लावली, अर्ज गेला. यात माझी हुशारी काही नाही. त्या घरातल्या मुलाला कुणी एकदा कॅबिनेट उघडून ती सेल दाखवली असती, तर त्यानं हे पाच मिनिटांत केलं असतं. तो मुलगा संगणक हा विषय शाळेत शिकतो, त्याला त्यात चांगले गुणही आहेत.

नेटवर्कचंही असंच आहे. ‘नेट गेलं’ या दोन शब्दांत आपण कमीत कमी पाच वेगवेगळे बिघाड कोंबतो. फायबरच्या डब्यावर लाल दिवा असेल तर दोष बाहेर आहे, काचेची तार कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे, घरात काहीही करून उपयोग नाही, तक्रार नोंदवा. लाल दिवा नसेल तर संगणकाला पत्ता मिळाला आहे का बघा. १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही, संगणकानं आपल्या मनानं एक घेतला आहे. पत्ता बरोबर असेल तर आधी राउटरला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा, मग बाहेरच्या एखाद्या आकड्यांच्या पत्त्याला, मग नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर तार ठीक, नेट ठीक, नावाचा आकडा करून देणारी डीएनएस सेवा तेवढी अडली आहे. असं एकेक पायरी चढत गेलं की दोष कुठल्या दोन पायऱ्यांच्या मध्ये आहे ते समोर येतं. तक्रार करतानाही मग ‘नेट चालत नाही’ असं न म्हणता नेमकं सांगता येतं, आणि नेमकं सांगणाऱ्याचा फोन कुणी टाळत नाही हा माझा अनुभव आहे.

एका जुन्या संगणकाचा मी घरात सर्व्हर केला आहे. आजीचे फोटो, आण्णांच्या बिमांचा हिशेब, माझा अभ्यास, सगळं त्यावर. खालच्या खोलीतून वरच्या खोलीत फाइली पाठवताना वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. दोन्हीकडची कार्डं, मधला राउटर, सगळं गिगाबिटचं, म्हणजे शंभराच्या वर जायला हवं. पण हा ११ चा आकडा मोठा बोलका आहे. १०० मेगाबिटला ८ नं भागलं की साडेबारा येतात, वाटेतला खर्च वजा जाता अकरा-साडेअकरा उरतात. म्हणजे तार गिगाबिटवर बोलतच नव्हती, शंभरावर उतरली होती. नेटवर्कच्या तारेत आठ धागे असतात, चार जोड्या. शंभरच्या वेगाला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. तेव्हा निळ्या किंवा तपकिरी जोडीत कुठेतरी खोट असणार. टेस्टर लावला, तर पाचव्या क्रमांकाचा दिवा लागला नाही. निळ्या जोडीतला एक धागा जॅकमध्ये टोकापर्यंत पोचलाच नव्हता. टोक कापून, रंग परत क्रमानं लावून क्रिंप केलं आणि वेग दसपट झाला. ज्यानं कुणी ती तार बसवली, त्यानं नेट चाललं हे बघून काम संपवलं असणार. चाललं ते खरं, पण एक दशांशानं.

त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता. फक्त एका आकड्यावरून भिंतीतल्या तारेच्या आतला दोष ओळखता येतो, हे कुठल्याही परीक्षेनं मला असं शिकवलेलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. महाराष्ट्रात संगणक साक्षरतेचं काम मोठं झालं आहे. २००१ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानं गावोगावच्या लाखो माणसांना संगणकासमोर बसवलं, शाळांमधल्या आयसीटी प्रयोगशाळांची केंद्राची योजना २००४ ची. हे सगळं हवंच होतं. पण त्या साक्षरतेचा अर्थ आपण पडद्यापुरता ठेवला. टाइप करणं, तक्ता भरणं, अर्ज भरणं. पडद्यामागचं यंत्र ‘तज्ज्ञाचं’ राहिलं. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत बेडूक कापायची परवानगी एकेकाळी होती, बंद पडलेला संगणक उघडायची मात्र नाही. माझ्या ओळखीतल्या एका शाळेत बंद पडलेले संगणक खोलीत कुलूप लावून ठेवले आहेत, कारण ते रजिस्टरमध्ये नोंदलेले आहेत आणि त्यांना हात लावायचा अधिकार कुणालाच नाही. मुलं शिकतील अशी त्याहून चांगली वस्तू शाळेत दुसरी नसेल.

आणि आता तर वेळही तशीच आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक त्या यादीत बसत नाहीत. ते धडधाकट आहेत, तरी कार्यालयं, पतसंस्था, शाळा ते काढून टाकणार. लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकली आणि साध्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी लावली की अभ्यासाला, हिशेबाला, बँकेच्या कामाला ते आणखी कितीतरी वर्षं पुरतात. दुसऱ्या बाजूनं रॅमचे भाव भडकले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरना मेमरी कमी पडते आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीनं सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवीन महाग आणि जुनं मोडीत, अशा दिवसांत दुरुस्ती येणारी माणसं गावाला हवीत.

यंत्रंही उघडण्यासारखी राहिली पाहिजेत, हा वादाचा दुसरा भाग. आताच्या कित्येक लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाखलेली असते, बॅटरी चिकटवलेली असते. एक चिप गेली की आख्खा बोर्ड. फ्रान्सनं १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप, मोबाइल अशा वस्तूंवर दुरुस्त करायला त्या किती सोप्या याचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं केलं. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठीचं पोर्टल सुरू झालं, आणि मे २०२५ मध्ये असेच गुण देण्याच्या पद्धतीचा अहवाल सादर झाला. दिशा योग्य आहे. पण हे गुण सक्तीनं खोक्यावर छापून येईपर्यंत गिऱ्हाइकाच्या हातात काही पडलं असं मी म्हणणार नाही. इचलकरंजीच्या बाजारात लॅपटॉप घेणाऱ्या माणसानं ‘रॅम वाढवता येते का, बॅटरी बदलता येते का’ एवढे दोन प्रश्न विचारायला लागावं, त्यासाठी कायद्याची वाट बघायची गरज नाही.

मला लोक विचारतात, फोनमध्ये सगळं होतं, मग हे कशाला? आणि आता एआयला विचारलं की तो उत्तर देतो. मीही विचारते. तो दहा शक्यता नीट मांडून देतो. त्यांतली कुठली माझ्या घरातली, हे मीटरची सुई, वहीतल्या वेळा आणि खाली सुरू झालेला माग सांगतो. मोजायला कुणीतरी जागेवर लागतंच. नोकरीचं म्हणाल, तर नव्या मागांत आता इलेक्ट्रॉनिक्स येतं आहे, रेपिअरसारख्या शटललेस मागांना पॅनेल असतात, दोष पडद्यावर आकड्यांत येतो. आण्णांच्या पिढीचे जॉबर ते पॅनेल बघून मागे सरतात आणि बाहेरून माणूस बोलवावा लागतो. तो येईपर्यंत माग उभा. ज्या मुलानं घरी संगणक उघडला आहे, तो त्या पॅनेलला घाबरणार नाही. उद्याचा जॉबर असाच तयार होईल.

मुलींबद्दल दोन वाक्यं. मीटर आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी कुणाच्या घरी गेले की अजून ‘भावाला पाठवायचं की’ असं म्हणणारी माणसं भेटतात. मला भाऊ नाही, आणि असता तरी मीच गेले असते.

कोल्हापूर जिल्ह्याला तर हे नवं सांगायला नको. याच मातीत बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि त्यावर चित्रपट काढले. त्यांनी परदेशी यंत्राला हात लावायचा नाही असं ठरवलं असतं, तर कोल्हापूरचा चित्रपट-इतिहास वेगळा झाला असता. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये विजय भटकरांच्या चमूनं परम ८००० उभा केला, तोही बाहेरून महासंगणक मिळेना म्हणून. आपल्याकडे हात घालणारी माणसं होती. ती घडतात तेव्हा कुणीतरी त्यांना लहानपणी ‘बघ खोलून’ म्हटलेलं असतं.

मला आण्णांनी म्हटलं. त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण स्क्रू एका डबीत ठेव, कुठला कुठून काढला त्याचा कागदावर नकाशा काढ आणि बंद करायच्या आधी मोजून बघ, एवढं त्यांनी सांगितलं. कुठल्याही आईवडिलांना एवढं सांगता येईल.

येत्या जूनमध्ये शाळा सुरू होतील. कबनूर, इचलकरंजी आणि भोवतीच्या गावांतल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे : निर्लेखनाची रीतसर नोंद करून एक बंद पडलेला संगणक नववीच्या वर्गात आणा, एसएमपीएसची पेटी सील करा, सोबत एक स्क्रू ड्रायव्हरचा संच, एक खोडरबर, एक साधा मीटर आणि एक वही ठेवा. खोडरबर रॅमचे सोनेरी दात पुसायला. अनेक ‘मेलेले’ संगणक तेवढ्यानंच उठतात. शिकवायला कुणी मिळालं नाही, तर शनिवारी मी येईन, आणि माझ्यासारखी मुलं आता प्रत्येक गावात आहेत, त्यांना बोलवा. आणि ज्यांच्या माळ्यावर जुना संगणक पडून आहे त्यांनी तो भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी आपल्या गल्लीतल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला हाक मारावी.